शीतकपाटातील लोणचे

पौष-माघात नांदुऱ्याच्या बाजारात फुलकोबी, गाजर, मुळा यांची आवक वाढली, की शेतकरी उतरत्या दुपारी मिळेल त्या दराने ढीग मोकळे करतो. आणि तो स्वस्त ऐवज घरी आणून अखेर उकिरड्यास अर्पण करण्यापेक्षा त्याचे व्हिनेगरमधील लोणचे घालावे, अशी गृहिणींस, आणि गृहस्थांसही, माझी शिफारस आहे.

मात्र कैरीच्या लोणच्याचा जो बंदोबस्त मीठ, मोहरी आणि तेलाचा थर वर्षभर राखतात, तो येथे केवळ आम्ल आणि थंडी यांच्यावर सोपविलेला असतो. व्हिनेगरचा आम्लांश ५ टक्के असल्यास तितकेच पाणी, कमी असल्यास पाणीही कमी, त्यात मीठ व किंचित साखर घालून उकळलेले द्रावण फोडी पूर्ण बुडतील असे ओतावे, निवल्यावर बरणी शीतकपाटात ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांत तिचा निकाल लावावा. वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडणाऱ्या आमच्या मुलखात ती फडताळात ठेवणे हा शुद्ध अविचार होय. वीज दीर्घकाळ रजेवर गेली, तर बरणीची गय करू नये.

तेलाविना लोणचे कसले, हा आक्षेप येणारच. परंतु हिरव्या मिरचीसह मुरलेली गाजराची फोड कळण्याच्या भाकरीबरोबर चाखावी, आणि मगच फिर्याद गुदरावी.