डोळ्यांपुढे तरंगणारी ‘माशी’

तांदूळ निवडताना ताटात काळा खडा दिसावा आणि उचलायला जावं तर तो बाजूला सरकावा, असं कधी तुमचं होतं का? चाळिशी-पन्नाशीनंतर पुष्कळजणींना हा अनुभव येतो. कुणाला ठिपका दिसतो, कुणाला केसाचं वेटोळं, तर कुणाला कोळ्याचं जाळं. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे पाहिलं की ते जास्तच जाणवतं.

हा नजरेचा भ्रम नव्हे. आपल्या डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वयानुसार तो पातळ होत जातो, त्यातले बारीक तंतू एकमेकांना चिकटतात आणि त्यांची सावली आतल्या पडद्यावर पडते. म्हणूनच नजर फिरवली की ‘माशी’ही फिरते. ज्यांचा चष्मा मोठ्या उणे नंबरचा आहे किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना हे लवकर दिसू लागतं.

जुनेच एक-दोन ठिपके असतील तर घाबरू नका. डोळ्यांच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा, म्हणजे झालं. हळूहळू त्यांची सवय होते. मात्र कुणी सांगितलं म्हणून डोळ्यांत मध किंवा गुलाबपाणी घालू नका. ठिपका आहे डोळ्याच्या आत. वरून घातलेलं तिथे पोचत नाही, उलट डोळा चिघळायची भीती!

पण पुढच्या तीन खुणा नीट लक्षात ठेवा :

१. एकाएकी पुष्कळ नवे ठिपके दिसणं, किंवा काजळी उडाल्यासारखं वाटणं.

२. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होणं. अंधारात हे अधिक कळतं.

३. एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखी नजर झाकत येणं.

आतला पदार्थ पडद्यापासून सुटताना कधीकधी पडद्याला चीर पडते. अशा नव्या तक्रारी घेऊन येणाऱ्या साधारण सात जणांत एकाला अशी चीर सापडते. वेळेवर कळलं तर लेसरने ती तिथेच बंद करता येते. उशीर झाला तर पडदा सुटतो, मग मोठं ऑपरेशन करावं लागतं आणि गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही.

आणि बायका फसतात त्या इथेच! कारण यात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. ‘दुखत तर नाही ना, मग दिवाळी होऊन जाऊ दे, मुलाची परीक्षा संपू दे,’ असं म्हणत दिवस जातात. तसं करू नका. यांतली एकही खूण दिसली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नुसत्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागणार नाही. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा तपासतात. नंतर काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत कुणाला तरी न्या, स्वतः स्कूटर चालवू नका. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं तर कंटाळा न करता जा.

मधुमेह असलेल्यांनी तर काही दिसो वा न दिसो, वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावाच.

एरवीही अधूनमधून एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत जा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.