कपाटातली दुर्बीण गच्चीवर कधी येणार?

तुमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एक कपाट असेल. काच धुरकट, कुलूप चिमुकलं आणि किल्ली नेमकी कोणाकडे, हे कोणालाच धड माहीत नाही. वरच्या कप्प्यात स्पेक्ट्रोमीटर, मधल्या कप्प्यात काटे अडकलेले जुने मीटर, आणि सगळ्यात खाली एका लांबट खोक्यात दुर्बीण. प्रत्येक कॉलेजात असेलच असं मी म्हणत नाही. पण एकदा विचारून बघा. कधीतरी कुठल्यातरी निधीतून घेतलेली, उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना चंद्र दाखवलेली आणि नंतर 'सुरक्षित' ठेवलेली एखादी निघण्याची शक्यता बरीच आहे.

आम्हाला ती ऑगस्टमध्ये सापडली. मी मास कॉमची, माझी मैत्रीण फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. डेडस्टॉक रजिस्टरची तपासणी चालली होती म्हणून लॅबच्या काकांनी कपाट उघडलं आणि हिची नजर खोक्यावर गेली. 114 मिलिमीटर व्यासाचा आरसा, 900 मिलिमीटर नाभीय अंतर, न्यूटन पद्धतीची परावर्तक दुर्बीण. रजिस्टरमध्ये नावापुढे शेरा होता : 'नादुरुस्त'. म्हणजे पुढची पायरी निर्लेखन, आणि त्यानंतर भंगार.

आम्ही मागितली. पहिलं उत्तर अर्थातच, "फुटली तर कोण भरणार?"

या एका प्रश्नाने किती उपकरणं मेली असतील, कोण जाणे. गंमत म्हणजे ही दुर्बीण कोणी हाताळून खराब केली नव्हती. ती खराब झाली होती जपून ठेवल्यामुळे. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. बंद खोकं, आत थर्माकोल, झाकणाखाली अडकलेली ओल. बुरशीला याहून चांगली जागा कुठली? आयपीसच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. वेळेत पुसली तर बुरशी जाते. वर्षानुवर्षं राहू दिली की ती काचेवरचा मुलामा खाते आणि तो डाग मग कायमचा. म्हणजे दर महिन्याला कोणीतरी तिला बाहेर काढून, वारा लावून, चंद्र बघून परत ठेवली असती तर ती आज ठणठणीत असती.

शेवटी काकांनी स्वतःच्या जबाबदारीवर, लॅबच्या आतच दुरुस्त करायच्या अटीवर, ती टेबलावर काढून दिली. पुढचे पाच-सहा शनिवार आम्ही तिथे होतो. यात रॉकेट सायन्स काहीही नाही, हे तुम्हाला पटावं म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आधी आरसा. टॉर्च मारून बघितला तर इतका घाण दिसला की आम्ही जवळपास नादच सोडला होता. नंतर कळलं, टॉर्चच्या तिरक्या उजेडात नवाकोरा आरसासुद्धा भिकार दिसतो. थोड्या धुळीने चित्रात फारसा फरक पडत नाही. कोरड्या फडक्याने घासलं तर मात्र चरे पडतात, कारण अ‍ॅल्युमिनियमचा थर काचेच्या मागे नसून पुढच्या बाजूला, उघड्यावर असतो. आमच्या आरशावर धुळीसोबत चिकट डाग होते, म्हणून त्याला अंघोळ घालावीच लागली. नळीतून काढण्याआधी तो कसा बसला होता याची पेनने खूण केली. प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरला, कोमट पाणी घेतलं, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले. कापसाचा बोळा पाण्याखाली नुसता त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढायचा, बोटाचा दाब शून्य, आणि एका फेरीनंतर बोळा फेकून द्यायचा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन आरसा तिरका उभा केला. हे पाणी गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच. मैत्रिणीचे हात थरथरत होते. काका म्हणाले, "अगं, प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एवढी घाबरत नाहीस."

मग आरशांची जुळणी, ज्याला कोलिमेशन म्हणतात. खालचा मोठा आरसा आणि वरचा छोटा तिरका आरसा एका रेषेत नसतील तर गुरू हा ग्रह नसून धुमकेतू आहे असं वाटतं. बहुतेक 'नादुरुस्त' दुर्बिणींचा आजार एवढाच असतो! यासाठी लेझरचं यंत्र मिळतं, पण बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी आयपीसच्या जागी जवळजवळ फिट्ट बसते. (हो, कॅमेऱ्यात रोल घालायचे. घरी विचारा.) डबीच्या झाकणाला बरोबर मधोमध भोक, तळ कापलेला, आणि मोठ्या आरशाच्या केंद्रावर फाइलच्या कागदाला लावतात ती गोल चिकटपट्टी. ती चिकटपट्टी चित्राच्या आड येत नाही, कारण आरशाचा तो भाग छोट्या आरशाच्या सावलीतच असतो. भोकातून बघत मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे, सगळी वर्तुळं एकात एक येईपर्यंत. पहिल्यांदा आम्हाला पाऊण तास लागला. आता पाच मिनिटं लागतात.

स्टँडचं ग्रीस वाळून गोंद झालं होतं. ते पुसून सायकलवाल्याकडचं लिथियम ग्रीस लावलं. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. एवढा सगळा खर्च एका पिझ्झ्यात बसला. फक्त एक गोष्ट वर्गणी काढून नवी घेतली : 25 मिलिमीटरचा, बऱ्या प्रतीचा प्लॉसल आयपीस.

हे मुद्दाम सांगते, कारण जुन्या दुर्बिणीत पैसे कुठे घालायचे यात हमखास फसायला होतं. खोक्यावर छापलं होतं, '675 पट मोठं'. हिशेब सोपा आहे. 900 भागिले 4 मिलिमीटरचा आयपीस म्हणजे 225 पट, आणि त्यावर तिप्पट करणारं प्लॅस्टिकचं बार्लो भिंग. गणित बरोबर, चित्र शून्य. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याची साधारण दुप्पट, ही चांगल्या हवेतली कमाल मर्यादा. म्हणजे आमच्यासाठी सव्वादोनशेच्या आसपास. दुर्बिणीचं खरं काम मोठं करणं नाहीच, प्रकाश गोळा करणं आहे. अंधारात आपली बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. 114 मिलिमीटरचा आरसा तिच्या जवळपास अडीचशे पट प्रकाश गोळा करतो. म्हणून 36 पट दाखवणारा एक स्वच्छ आयपीस हा 675 पट धूसर दाखवणाऱ्या तीन भिंगांपेक्षा भारी.

आणि एक वस्तू आम्ही हातोडीने फोडली. जुन्या संचात आयपीसला लावायचा छोटा काळा काचेचा 'सन फिल्टर' येत असे. तो सापडला तर कोणालाही देऊ नका, 'असू दे' म्हणून ठेवू नका. आरशाने गोळा केलेली सूर्याची उष्णता नेमकी तिथे एकवटते. काच तडकली की डोळा मिटायलासुद्धा वेळ मिळत नाही. सूर्य बघायचा तर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा आणि त्याच कामासाठी बनवलेला हवा. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही झाकण हवं.

सेकंडहँड दुर्बीण घ्यायचा विचार असेल तर एक इशारा : नळी हातभर आणि वर नाभीय अंतर 1000 मिलिमीटर लिहिलेलं दिसलं, तर जपून. अशा दुर्बिणीत फोकसरमध्ये एक जादा भिंग बसवलेलं असतं आणि तिची जुळणी करताना जीव मेटाकुटीला येतो. नळी हलकेच हलवा, आत काही खुळखुळत असेल तर विचारा. स्टँड डगमगतंय म्हणून मात्र चांगला आरसा सोडू नका. स्टँड सुतार बनवून देतो.

ही सुताराची कल्पना माझी नाही, जॉन डॉब्सनची. 1915 मध्ये बीजिंगला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत रामकृष्ण परंपरेतल्या वेदांत मठात संन्यासी होता. खिशात पैसा नाही. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून आरसे केले, नळीला पुठ्ठा आणि बुडाला प्लायवुडची पेटी. मठातली कामं सोडून दुर्बिणीच करतो म्हणून 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स' सुरू झालं : दुर्बीण फुटपाथवर मांडायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायचा. आज जगभर त्याच्या नावाने ओळखली जाणारी बैठक म्हणजे प्लायवुड, खरखरीत सनमायका आणि टेफ्लॉनच्या चकत्या. बस.

आपल्याकडे तरी हे लोण कुठे नवं आहे? पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवतेय. मुंबईच्या खगोल मंडळाबरोबर वांगणीला रात्र जागवलेले लोक तुमच्या घरातसुद्धा असतील. आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, तीही आपल्या राज्यात. माणसं आहेत, माहिती आहे, अंधारही थोडाफार शिल्लक आहे. अडलंय ते कपाटापाशी.

काहीजण म्हणतील, फोनवर जेम्स वेबचे फोटो असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि खोटं आश्वासन मी देणार नाही. देवयानी दीर्घिका आयपीसमध्ये रंगीबेरंगी दिसत नाही. काचेवर कोणीतरी फुंकर मारल्यासारखा राखाडी पुसट डाग दिसतो. माझी पहिली प्रतिक्रिया "एवढंच?" अशीच होती. मग मैत्रीण म्हणाली, हा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय आणि आत्ता तुझ्या डोळ्यात संपला. फोटोतला प्रकाश स्क्रीनचा असतो. तेव्हा मी परत डोळा लावला. शहरातल्या पिवळट आकाशातूनही चंद्र, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र नीट दिसतात. डिसेंबरात मृग नक्षत्र वर आलं की त्यातला तेजोमेघही दिसेल.

पण दिसेल कधी? तारे दिसायला लागतात तेव्हा कॉलेज बंद झालेलं असतं, गच्चीला कुलूप असतं आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट लागायची वेळ झालेली असते. आकाशदर्शनाला परवानगी मागायला गेलो तेव्हा मुलांना 'जाऊ दे' म्हणणाऱ्यांनी आम्हाला पालकांचं पत्र मागितलं. नियम सुरक्षेसाठी आहेत, मान्य. पण मग सुरक्षित जागा म्हणजे कॉलेजची स्वतःची गच्ची. ती महिन्यातून दोन रात्री, एका शिक्षकाच्या उपस्थितीत उघडायला काय हरकत आहे?

आमचं मागणं फार मोठं नाही. लायब्ररीचं पुस्तक जसं सहीवर मिळतं, तशी दुर्बीण मिळावी. पुस्तकंही हरवतात, फाटतात. म्हणून कोणी लायब्ररीला कायमचं टाळं लावत नाही. ज्या दोघा-तिघांना आरशांची जुळणी येते त्यांनी दरवर्षी खालच्या वर्गातल्या दोघा-तिघांना शिकवावी, नाहीतर आम्ही पास होऊन गेलो की खोकं परत खालच्या कप्प्यात जाईल. आणि 'फुटली तर?' याचं उत्तर आता आमच्याकडे आहे : फुटली तर काय करायचं, ते आम्हाला येतं.

दिवाळीनंतरच्या अष्टमीला काकांनी तासाभरासाठी गच्ची उघडून दिली. अर्ध्या चंद्रावर जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो, त्या रेषेवरची विवरं सावल्यांमुळे खोल खोल दिसत होती. वॉचमनकाकांनी दोनदा रांग लावली. मी आयपीसला फोन टेकवून एक फोटो काढला. थोडा हललाय, पण विवरं मोजता येतात.

निर्लेखन समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. रजिस्टरमध्ये शेरा अजून 'नादुरुस्त' असाच आहे. तो बदलावा म्हणून आम्ही अर्ज दिलाय आणि पुरावा म्हणून तो फोटो प्रिंट काढून मागे टाचलाय.