दीड फुटाची जमीनदारी

बँकेचं कर्ज काढून माणूस घर बांधतो आणि शेवटी घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये दीड-दोन फुटांची मातीची पट्टी उरते. नोकरदाराची जमीनदारी ती एवढीच. तिथे आंबा लावायचा तर घर पाडावं लागेल, आणि लॉन करायचं तर बसायला दीड फुटी पाहुणे शोधावे लागतील. तेव्हा उंच, सडपातळ आणि फुलणारं असंच काहीतरी हवं, इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं. आमच्या इनामगावात मात्र उंच आणि सडपातळ म्हटलं की लोकांना ऊसच दिसतो. उसाला तुरा आला की साखर घटते आणि मालकाचं तोंड उतरतं. फूल म्हणजे नुकसान, हा हिशेब बहुधा शेतातूनच अंगणात आला असावा.

कारण लोक लावतात काय, तर अशोक! तोही खरा नव्हे. खरा तो सीताअशोक, केशरी-लाल गुच्छांचा. कंपाउंडला रांगेत उभा असतो तो दुसराच, नावापुरता अशोक. त्याला फुलं येतात, पण पानांच्याच रंगाची. आली कधी नि गेली कधी, घरमालकालाही पत्ता नसतो. खोट्या सहीचा चेक आम्ही काउंटरवरून परत करतो. खोट्या सहीचं झाड लोक डझनाने घेतात!

दुसरा पक्ष म्हणतो, “देखभाल कोण करणार? पेव्हर ब्लॉक टाका.” म्हणजे होती तेवढी माती झाकायची, पावसाचं पाणी रस्त्यावर सोडायचं आणि उन्हाळ्यात भिंत तापली म्हणून पंख्याला शिव्या द्यायच्या. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 या काळात आमच्या गावात उत्खनन केलं. ज्यांची घरं सापडली ते लोक तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी बांध घालून, पाट काढून सातू पिकवत होते. त्यांच्या गावात राहून आम्हाला चार कंदांना तांब्याभर पाणी घालणं जड जावं?

तिसरा पक्ष विद्वानांचा. यांच्याकडे विलायती पुस्तक असतं. त्यात फॉक्सग्लव्ह आणि डेल्फिनियमची चित्रं असतात. ती चित्रातच बरी. आमचा एप्रिल त्यांना सोसत नाही. शिवाय त्या पुस्तकात उत्तरेची भिंत बाराही महिने सावलीतली. आमचा सूर्य पुस्तक वाचत नाही. मेच्या मध्याला तो डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलै संपता संपता परततो. तेव्हा झाड घेण्याआधी ऊन कुठे, किती वेळ पडतं ते पाहा. खात्यात शिल्लक किती हे न बघता चेक फाडू नये.

आता माझा पक्ष. उन्हाच्या बाजूला निशिगंध, म्हणजे आपली गुलछडी. एकेरी पाकळ्यांचीच घ्या. दुहेरी दिसायला भरदार, पण वासाला हात आखडता. काळ्या मातीत पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळून वाफा विटेएवढा उंच करा. दांड्यावरची फुलं खालून वर एकेक करून उमलतात, पेन्शनसारखी, हप्त्याहप्त्याने. एकदा लावले की कंद दोन-तीन वर्षं जागचे हलवायला नकोत. उत्तरेकडे, मोरीच्या पाण्यावर, सोनटक्का. त्याला ओल हवी, भर दुपारचं ऊन नको, आणि पावसाळ्यात तो पुरुषभर उंच होऊन फुलतो. मधल्या अर्ध्या सावलीत कर्दळ.

यावर कुणीतरी विचारतोच, “निशिगंध तरी कुठे आपला? मेक्सिकोचा ना?” असेल. कर्दळही अमेरिकेकडचीच. पण बदलीवर आलेल्या माणसाचं गाव आम्ही विचारत नाही, काउंटर सांभाळतो का ते बघतो. आणि आपल्या पूर्व हिमालयातला सोनटक्का तिकडे जाऊन क्यूबाचं राष्ट्रीय फूल होऊन बसलाच की!

माझं भांडण झाडांशी नाही, त्या हिशेबाशी आहे. ज्या घरातली आजी सकाळी परडी घेऊन बाहेर येते आणि पेव्हर ब्लॉक बघून आत जाते, त्या घरी पूजेची फुलं प्लॅस्टिकच्या पुडीतून येतात, रोज, रोख पैसे मोजून. त्या पुडीत अर्धी फुलं शिळी असतात. दीड फूट जमीन पदरात असताना आजीला ही पाळी आणायची आणि त्याला ‘देखभाल वाचली’ म्हणायचं, ही कसली बचत?