समुद्राची आणेवारी

विट्याच्या मास्तराने समुद्रावर लिहावे, याचे कोणाला हसू येईल. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेला आमचा खानापूर तालुका! परंतु पीक बुडणे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. आणि पीक बुडाले की निदान तलाठी येतो, पंचनामा होतो; आणेवारी (आणे गेले, शब्द राहिला) पन्नास पैशांखाली आली की पूर्वी दुष्काळ जाहीर होत असे. मदत अपुरी असेल, उशिरा येईल. पण आमचे नुकसान सातबाऱ्याच्या आधाराने उभे राहते. कोळ्याचा सातबारा कोणता?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. कंटेनर तरंगत सुटले. काहींत कीटकनाशके होती. रायगडच्या किनाऱ्यावरील तिवरांची बने काळी पडली. दिवस कोणते, तेही पाहा. पावसाळी बंदी संपत आलेली, जाळी शिवून तयार, नारळी पौर्णिमा पंधरवड्यावर, आणि गाठीला पैसा नाही.

बंदराची वाट काही दिवसांत मोकळी झाली, व्यापाऱ्याचा माल हलला. कोळिणीची पाटी मात्र हलेना. मुंबईकराने मासळीकडेच पाठ फिरवली. ज्या माशाला तेलाचा थेंब लागला नाही, तोही विकेना. हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात बसते? होडीवाल्याचे नाव निदान मत्स्यव्यवसाय खात्याच्या वहीत असते. पण जी बाई ओहोटीला खडकावरची कालवे फोडते, चिखलातल्या चिंबोऱ्या धरते, तिच्या नावावर ना होडी, ना जाळे, ना जमीन. आणि तेल खाडीच्या चिखलात एकदा बसले, की लवकर निघत नाही. जिचे सर्वांत अधिक गेले, तिचाच कागद कोरा!

कोणी विद्वान म्हणतील, समुद्राचे नुकसान मोजताच येत नाही. साफ खोटे! उरणकडील १,६३० मच्छीमार कुटुंबांचे नुकसान (ते बंदराच्या भरावामुळे झालेले, तेलामुळे नव्हे) राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मोजले आणि ९५ कोटी १९ लाख रुपये द्या, असा हुकूम काढला. मोजायचे मनात असावे लागते.

आमचे गलाईवाले बांधव पोटासाठी पार केरळपर्यंत गेलेले. त्यामुळे तिकडची बातमी विट्यात लवकर येते. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा-३’ बुडाले. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला. तो लावलाच पाहिजे होता. मच्छीमार कुटुंबाच्या हाती तातडीची मदत म्हणून आले हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ. तेवढा तांदूळ एका घराला किती दिवस पुरतो, ते फराळाची ताटे भरणाऱ्या आयाबहिणींनीच सांगावे.

माझे मागणे असे, की वही तेल सांडण्याआधी तयार हवी. प्रत्येक कोळीवाड्यातील तांडेल, खलाशी, पाटीवाली, कालवे फोडणारी, सगळ्यांची नावे तीत हवीत. कोणत्या महिन्यात कोणाला काय मिळते, तेही हवे. जहाज आदळले की आठ दिवसांत पंचनामा व्हावा, आणि कोर्टाच्या तारखांची वाट न पाहता बुडालेला रोज हातात पडावा. आमच्या तलाठ्याला बांधावर येता येते. मग सरकारी माणसाला ओहोटीच्या चिखलात उतरायला हरकत कसली? पायाला तेल लागेल, एवढेच ना!