उजेडाचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे नाव वाचकांना नवे नाही. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त अंगी बाणवली. पाऊस किती पडला हे आधी मोजायचे आणि मगच कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. जमा पाहून खर्च करण्याची ही रीत व्यापारी घराण्यांना निराळी शिकवावी लागत नाही. मुलांच्या डोळ्यांबाबत मात्र आपण ती विसरतो.

हे लिहिताना स्वतःची चूक आठवते. आमची कन्या तिसरीत असताना फळ्यावरची उदाहरणे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेई, दूरच्या पाट्या वाचताना डोळे बारीक करी. घरातील वडीलधारी म्हणाली, "मुलीची जात आहे, एवढ्यात चष्मा नको. एकदा लागला की नंबर वाढतच जातो. बदाम देऊन पाहू." आम्हीही गप्प राहिलो. वर्षभराने तपासणी केली तेव्हा नंबर उणे सव्वादोन निघाला. मुलगी गणितात कच्ची आहे असा आमचा समज होता. वस्तुतः तिला फळाच दिसत नव्हता.

निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. अंतर्गोल भिंग ती योग्य जागी नेते. चष्म्यामुळे नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळा लांबत जातो म्हणून तो वाढतो. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिल्यानेही ही वाढ रोखता येत नाही. नंबर उणे सहाच्या पुढे गेला, तर मोठेपणी दृष्टिपटल सुटण्याचा धोका बळावतो. म्हणून हा प्रश्न केवळ रूपाचा नव्हे.

उपाय काही प्रमाणात अंगणातच आहे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे 30 टक्के मुलांना हा दोष जडला. इतर मुलांत हे प्रमाण सुमारे 40 टक्के होते. मोकळ्या उजेडाचा लाभ प्रामुख्याने चष्मा लागण्यापूर्वी होतो, हेही ध्यानात घ्यावे.

तेव्हा प्रत्येक घराने उजेडाचा ताळेबंद मांडावा. जमेच्या बाजूला रोज दीड-दोन तास बाहेरचा खेळ असावा. सूर्याकडे मात्र थेट पाहू नये. खर्चाच्या बाजूला वाचन आणि मोबाइल येतात. पुस्तक डोळ्यांपासून फूटभर तरी दूर असावे. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूर पाहण्याची सवय लावावी. शाळेतून आलेल्या मुलाला गल्ल्याशेजारी मोबाइल देऊन बसवण्याची आपली सोय त्याच्या डोळ्यांना महाग पडते.

शाळेत जाण्यापूर्वी एकदा आणि पुढे दरवर्षी नेत्रतपासणी करावी. चष्मा असल्यास सहा महिन्यांनी. मुलांचा नंबर काढताना डोळ्यांत थेंब घालतात, त्याची भीती बाळगू नये. भिंगे न फुटणारी घ्यावीत. नंबराची वाढ मंदावणारी खास भिंगे आणि अॅट्रोपिनचे सौम्य थेंबही आता उपलब्ध आहेत. पण ते नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावेत.

आमची कन्या आता चष्मा लावून पहिल्या बाकावरून मागे सरकली आहे. तुमच्या घरात कोणी डोळे बारीक करून पाहत असेल, तर आमच्यासारखे वर्ष दवडू नका.