शिष्यवृत्ती द्या, फोनही आवरा

घुग्घुसच्या रस्त्यांवर कोळसा, सिमेंटचे ट्रक धावतात. त्यातूनच आपली मुले शाळेत जातात. ताशी ६० किलोमीटर वेगात चालकाने दोन सेकंद मोबाईलकडे पाहिले, तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. म्हणजे कापडाचा अख्खा तागा! २०१९ च्या दुरुस्त कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अमेरिकेत याबाबत जागृती करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळतात. आपणही वर्गणी काढून उर्दू-मराठी शाळांतील मुलांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू करावी. पण बंधूंनो, ‘माल कुठवर आला?’ म्हणून चालत्या गाडीत फोन करणारे आपणच. गाडी थांबवून चालकानेच कळवावे, असा रिवाज आधी आपण पाडू. मग मुलांना शिकवू.