बरणीतल्या सापाला खायला काय घालणार?

अनेक वर्षे न दिसलेला अंडीखाऊ साप २००३ साली वर्धा जिल्ह्यात पुन्हा सापडला. पक्ष्यांची अंडी हेच त्याचे अन्न. अंडे अख्खे गिळायचे आणि घशाखालच्या मणक्यांच्या टोकांनी आतल्या आत फोडायचे, अशी त्याची तऱ्हा. पण अंगकाठी बारीक; कोंबडीचे अंडे त्याच्या जबड्यात मावत नाही. बरणीत कोंडला की उपासमार ठरलेली. दूध तर कुठल्याच सापाचे अन्न नव्हे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणे हा गुन्हा आहे. पोलीस पाटील, सरपंचांनी हे गावात सांगावे. साप घरात निघाला तर वनखात्याला १९२६ वर कळवा. आणि बांधावरच्या बोरी-बाभळी राखा; तिथली घरटी टिकली तरच याचे पोट भरेल.